लोखंडी चॅनेल : घडण आणि पारख

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्याने दहा किलोमीटर गेले तरी लोखंडाचा एक आकार पुन्हा पुन्हा भेटतो. शेताच्या बांधावरची डीपी ज्या आडव्या लोखंडांवर बसवलेली असते त्यांत तो आहे. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या चेसिसमध्ये, आडतीमागच्या पत्र्याच्या गोदामात, मंगल कार्यालयाच्या छतात, तेलगिरणीच्या माचाखाली आणि शाळेच्या सरकत्या फाटकातही तोच आहे. मधोमध एक उभी पाठ आणि तिच्या वर-खाली एकाच बाजूला निघालेले दोन काठ. कारागीर या पाठीला वेब म्हणतात, काठांना फ्लँज, आणि सगळ्या नगाला चॅनेल.

आपल्याकडे चॅनेल मापाने मागतात, वजनावर घेतात आणि भरवशावर बसवतात. ते कसे घडते, कुठे बिघडू शकते आणि बिघडलेले कसे ओळखावे, हे मात्र वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना नीट सांगितले गेले आहे. खरे तर घडणीची प्रत्येक पायरी नगावर आपली खूण ठेवून जाते. ती खूण वाचता आली तर फॅब्रिकेटर आणि गिऱ्हाईक दोघांचाही भरवसा डोळस होतो. ती वाचायला शिकवणे हाच या पुस्तकाचा हेतू आहे.

आधी आकाराविषयी. भारतीय मानकांतले ‘आयएसएमसी १००’ हे आपल्या भागात खूप चालणारे माप. त्याची पाठ १०० मिलिमीटर उंच, काठ ५० मिलिमीटर रुंद आणि वजन मीटरला ९.५६ किलो. एवढेच लोखंड भरीव चौकोनी गजात घातले तर त्या गजाची बाजू जेमतेम ३५ मिलिमीटर भरते. दोन्ही नग सारख्याच अंतरावर टेकवून त्यांवर भार टाकला, तर चॅनेल त्या गजाच्या पाचपटीहून अधिक भार पेलते. तुळई वाकते तेव्हा सगळ्यांत जास्त ताण तिच्या वरच्या आणि खालच्या थरात येतो, मधला भाग तुलनेने निवांत असतो. चॅनेलमध्ये लोखंड नेमके वर आणि खाली जमवलेले असते, मधे फक्त दोन्ही काठांना जोडण्यापुरती पाठ ठेवलेली असते. म्हणूनच ते उभे बसवायचे. पाठ खाली करून आडवे टाकले तर तेच चॅनेल आपली चार पंचमांश ताकद गमावून बसते.

याच आकाराची एक मर्यादाही आहे. एक बाजू उघडी असल्यामुळे भार अगदी पाठीच्या रेषेत ठेवला तरी चॅनेलला पिळले जाण्याची ओढ असते. पीळ न पडता भार घेण्याची त्याची रेषा पाठीच्याही मागे, लोखंडाच्या बाहेर पडते. त्यासाठी जाणकार कारागीर दोन चॅनेल पाठीला पाठ लावून बसवतो किंवा ठरावीक अंतरावर आडवे आधार देतो. डीपीवर हे नीट पाहता येते. दोन खांबांना दोन्ही बाजूंनी चॅनेल लावून बोल्टने आवळलेली असतात आणि तेलाने भरलेला जड ट्रान्सफॉर्मर त्या जोडीवर बसतो. वादळी वारा असला तरी ती जोडी वर्षानुवर्षे जागची हलत नाही.

हा विषय नांदेड-लातूरकडून का मांडायचा, याला इतिहास आहे. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. अडीच फुटी रुळांची ही गाडी आखणारे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी एक गोष्ट हिशेबाने धरली होती. हलक्या रुळांवर प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, तर मग वाघिणीचे स्वतःचे वजन जितके कमी तितका माल जास्त. म्हणून त्यांनी वाघिणींच्या तळाचे सांगाडे पोलादी प्लेट दाबून, काठ वळवून घडवलेले घेतले. कमी लोखंडात जास्त ताकद मिळवण्याची युक्ती अशी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच लातूरच्या स्थानकात येऊन उभी होती. आज त्याच लातूरजवळ हरंगुळला मराठवाडा रेल्वे कोच कारखाना आहे. ३१ मार्च २०१८ रोजी त्याचे भूमिपूजन झाले आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तिथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. डब्याच्या सांगाड्यालाही तीच कसोटी लागू आहे: स्वतः हलका आणि भाराला खंबीर.

या दोन नोंदींच्या मधे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आहे. गणपती विसर्जन करून झोपलेल्या किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत चार वाजायच्या आत भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. बहुतेकांचा जीव घराच्या वजनाने घेतला. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर उन्हापासून बचाव म्हणून वर्षानुवर्षे चढवत नेलेला मातीचा थर. भिंतीचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते आणि छताचा भार प्रचंड होता. छत हलके हवे आणि सगळी बांधणी एकमेकांना धरून हवी, हा धडा लातूर जिल्ह्याला फार मोठी किंमत देऊन मिळाला. पत्रा, अँगल आणि चॅनेल यांकडे इथला माणूस तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहतो. पण लोखंड वापरले म्हणजे घर सुरक्षित झाले असे होत नाही. नग पुऱ्या वजनाचा हवा, पोलाद लवचीक हवे आणि सांधा पक्का हवा. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी मिलमध्ये ठरतात, म्हणून आता मिलकडे जाऊ.

मराठवाड्यात पोलादाचे नाव निघाले की जालना आठवते. नांदेडहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या या शहराने इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिल यांच्या जोरावर मोठा उद्योग उभा केला. तिथला मुख्य माल बांधकामाची टीएमटी सळई. चॅनेल, अँगल, गर्डर यांसारख्या मालासाठी रायपूर-भिलाईचा पट्टाही प्रसिद्ध आहे. सळई असो की चॅनेल, सुरुवात एकाच पद्धतीने होते.

भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न पडते. तांब्याच्या वेटोळ्यातून जाणारी वीज भट्टीतल्या धातूतच प्रवाह निर्माण करते आणि धातू आतून तापत सोळाशे अंशांच्या आसपास वितळतो. एका टनाला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट वीज लागते. या भट्टीचा स्वभाव लक्षात ठेवायला हवा. ती वितळवते चांगले, शुद्ध मात्र फारसे करत नाही. भंगारातून आलेले तांबे किंवा कथील त्यातून काढता येत नाही आणि ते जास्त झाले तर लाटताना पृष्ठभाग तडकतो. गंधकामुळे पोलाद तापल्यावर ठिसूळ होते, स्फुरदामुळे थंड असताना. आयएस २०६२ या मानकातल्या ई २५० ए या प्रतीत या दोघांना प्रत्येकी ०.०४५ टक्क्यांची, तर कार्बनला ०.२३ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. तेव्हा चॅनेलची पहिली परीक्षा भंगाराच्या ढिगापाशीच होते. निवड चोख असेल, स्पंज आयर्नचे प्रमाण योग्य असेल आणि ओतण्यापूर्वी नमुना प्रयोगशाळेत तपासला असेल, तरच पुढच्या कष्टांना अर्थ आहे. भट्टीच्या प्रत्येक घाण्याला हीट म्हणतात आणि प्रत्येक हीटला नंबर असतो. हा नंबर विसरू नका, पुढे तो आपल्या कामाचा आहे.

वितळलेले पोलाद पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या साच्यांतून सलग खाली उतरते आणि चौकोनी बिलेट होऊन बाहेर पडते. बिलेटची बाजू बहुधा १०० किंवा १२५ मिलिमीटर. मोठ्या मापाच्या चॅनेलला याहून जाड ब्लूम लागतो. काही ठिकाणी बिलेट गरम असतानाच थेट लाटायला नेतात आणि इंधन वाचवतात, एरवी ते रीहीटिंग भट्टीत पुन्हा साडेअकराशे ते साडेबाराशे अंशांपर्यंत तापवतात. इथे घाई चालत नाही. बाहेरून पिवळट-नारिंगी दिसणारा बिलेट आतून कच्चा राहिला तर लाटताना आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळे ताणले जातात. उलट, जास्त वेळ ठेवला तर पृष्ठभाग जळून खवले धरतो आणि दोन-तीन टक्के लोखंड त्या स्केलच्या रूपाने वाया जाते.

इथे एक छोटा हिशेब करून पाहावा. १०० मिलिमीटर बाजूचा, तीन मीटर लांबीचा बिलेट २३५ किलोंच्या आसपास भरतो. मीटरला ९.५६ किलोच्या हिशेबाने त्यातून साडेचोवीस मीटर चॅनेल निघायला हवे. बारा मीटरचे दोन नग निघतील असे वाटते, पण स्केल आणि दोन्ही बाजूंची वेडीवाकडी टोके वजा केली की दुसरा नग अपुरा पडतो. म्हणून मिलवाला बिलेट थोडा लांब कापतो. मिलचा नफा-तोटा या टोकांच्या हिशेबातच असतो. नग हलका लाटण्याचा मोहदेखील इथेच जन्मतो, कारण पाठ अर्धा मिलिमीटर पातळ केली की तेवढ्याच बिलेटमधून जास्त लांबी मिळते.

आता रोलिंग. या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण याच विषयावर आहे आणि ते तसेच हवे. एकावर एक बसवलेल्या, उलट दिशांना फिरणाऱ्या जड रोलांवर खाचा कोरलेल्या असतात. वरच्या आणि खालच्या रोलाच्या खाचा मिळून जी पोकळी तयार होते तिला पास म्हणतात. खाच असलेल्या रोलांतून लोखंड लाटण्याच्या पद्धतीचे पेटंट इंग्लंडच्या हेन्री कॉर्ट यांनी १७८३ मध्ये घेतले होते. तत्त्व आजही तेच आहे. तीन रोलांच्या स्टँडमध्ये नग खालच्या आणि मधल्या रोलांतून जातो आणि मधल्या आणि वरच्या रोलांतून परत येतो. जुन्या मिलमध्ये चिमटे घेतलेला कामगार त्याचे तोंड पुढच्या पासात घालतो. नग तोंड चुकला की उसळून बाहेर येतो, त्याला कॉबल म्हणतात. लाल लोखंडाचा असा वेटोळा अंगावर आला तर जिवावर बेतते. मार्गदर्शक पेट्या, जाळ्या आणि कामगाराची शिस्त यांची किंमत अशा वेळी कळते.

चौकोनी बिलेटचे चॅनेल एकाच दाबात होत नाही. पहिल्या काही पासांत आकार दिसतच नाही, बिलेट फक्त चेपला जातो आणि ओतीव पोलादाची भरड रचना मोडते. मग एका पासात रोलाचा उंचवटा नगाच्या मधोमध घुसतो आणि दोन्ही कडांना लोखंडाचे बांध उरतात. हेच होणारे काठ. यापुढे खरी अडचण असते. आडवे रोल वरून खाली दाबू शकतात, त्यामुळे पाठ सहज पातळ होते, पण उभ्या काठांवर त्यांचा थेट दाब पडत नाही. यावर तोडगा म्हणून मधल्या पासांमध्ये काठ फुलपाखराच्या पंखांसारखे बाहेर कलते ठेवतात. त्या अवस्थेत त्यांच्यावरही रोलांचा दाब येतो आणि ते लांबत, पातळ होत जातात. शेवटच्या पासांत त्यांना उचलून उभे केले जाते. मोठ्या, आधुनिक मिलमध्ये बाजूने दाबणारे उभे रोलही असतात.

पास आखणाऱ्याचे कसब एका नियमात सांगता येते: प्रत्येक पासात पाठ आणि काठ सारख्याच प्रमाणात लांबले पाहिजेत. पाठ जास्त लांबली तर तिला जागा मिळत नाही आणि तिच्यावर लहर उमटते. काठ मागे पडले तर त्यांच्या कडा ओढल्या जाऊन फाटतात. पासात लोखंड जास्त भरले तर ते रोलांच्या फटीतून पातळ जिभेसारखे बाहेर येते आणि पुढच्या पासात नगावरच दुमडून दाबले जाते. त्याला लॅप म्हणतात. वरून ती लांबलचक केसासारखी रेघ दिसते, आतून मात्र ती भेग असते, कारण दुमडलेले स्केल तिथे लोखंडाला लोखंडाशी जुळू देत नाही.

आपल्या ओळखीच्या चॅनेलचा काठ पाठीजवळ जाड आणि टोकाकडे पातळ का असतो, याचेही उत्तर रोलांत आहे. खाचेच्या भिंती अगदी उभ्या ठेवल्या तर नग त्यांत अडकतो. थोडा उतार दिला तर तो सहज सुटतो आणि झिजलेला रोल लेथवर पुन्हा कोरून त्याच मापाची खाच परत मिळवता येते. मिलच्या या गरजेचा परिणाम थेट आपल्या फॅब्रिकेशन शॉपपर्यंत पोहोचतो. काठातून बोल्ट घालायचा असेल तर आतल्या उतारावर सपाट वॉशर नीट बसत नाही, बोल्ट एका कडेवर टेकतो आणि वाकून आवळला जातो. म्हणून चॅनेलसाठी उताराचा टेपर वॉशर मिळतो. तो दोन-चार रुपयांसाठी टाळू नये.

शेवटच्या पासातून नग बाहेर येतो तेव्हा तो नऊशे अंशांच्या आसपास असतो. लाल असताना बारा मीटर मोजून कापला तर थंड झाल्यावर पाच-सहा इंच कमी भरतो, म्हणून गरम मापात तेवढी वाढ धरूनच करवत चालते. कूलिंग बेडवर पातळ भाग लवकर निवतो, जाड भाग उशिरा, आणि नग धनुष्याकृती होतो. त्याला वर-खाली बसवलेल्या रोलर्समधून उलटसुलट वाकवत सरळ करतात. मग ठरल्या लांबीचे तुकडे होतात आणि नमुना चाचणीला जातो. ई २५० प्रतीच्या, २० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीच्या पोलादाने प्रत्येक चौरस मिलिमीटरला किमान २५० न्यूटनपर्यंत कायमचे न ताणले जाता टिकावे, किमान ४१० न्यूटनपर्यंत तुटू नये आणि तुटण्याआधी निदान २३ टक्के लांबावे अशी अट आहे. भूकंपाच्या प्रदेशात यांतली शेवटची अट सर्वांत मोलाची. तुटण्याआधी लांबणारे लोखंड माणसाला बाहेर पडायला वेळ देते.

याशिवाय एक दुसरा रस्ता आहे. पोलादी पत्र्याच्या गुंडाळीतून पट्ट्या कापून त्या न तापवता रोलर्सच्या रांगेतून ओढतात आणि प्रत्येक टप्प्यावर थोड्या थोड्या वळवून सी आकाराच्या पर्लिन करतात. गोदामांच्या छतांत आज त्याच दिसतात. त्या हलक्या आणि अचूक असतात आणि त्यांचे मानकही वेगळे आहे. हा माल कमी प्रतीचा नाही, पण दोघांची अदलाबदल करता येत नाही. पातळ पर्लिनच्या हिशेबाने केलेले डिझाइन आणि ट्रॉलीच्या चेसिसला लागणारा दणकटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता हातातला नग वाचू. बाहेरचे कोपरे धारदार, आतले गोलाई घेतलेले आणि काठ टोकाकडे निमुळता असेल तर तो गरम लाटलेला. बाहेरचे कोपरेही गोल आणि जाडी सगळीकडे सारखी असेल तर तो थंड वळवलेला. पाठीवरून नजर लांबवर फिरवा. लहर दिसली तर पासांचा तोल गेला होता. काठावर सलग केसासारखी रेघ असेल तर लॅपचा संशय घ्या आणि तो नग भाराच्या जागी वापरू नका. दोन्ही काठांची रुंदी मोजा. त्यांत मोठा फरक असेल तर नग पासात मधोमध गेला नव्हता.

त्यानंतर वजन. बाजारात १०० बाय ५० म्हणून मिळणारा प्रत्येक नग आयएसएमसी १०० नसतो. मानकांतच हलकी मालिका आहे: आयएसएलसी १०० चे वजन मीटरला ७.९ किलो आणि त्याहून थोड्या अरुंद आयएसजेसी १०० चे ५.८ किलो. हलका माल हलका म्हणून विकला आणि तसाच वापरला तर त्यात काही गैर नाही. गैर आहे ते ९.५६ किलोच्या हिशेबाने आखलेल्या छतात त्याहून हलका माल चढवणे. सहा मीटरचा आयएसएमसी १०० चा नग ५७ किलोंच्या आसपास भरायला हवा. मानकाने दिलेली सूट किरकोळ असते, आठ-दहा किलोंची तूट त्यात बसत नाही.

आणि शेवटी कागद. नगावर किंवा बंडलाच्या पाटीवर मिलचे नाव, प्रत, हीट नंबर, आयएसआय मार्क आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. चाचणी दाखल्यावरचा हीट नंबर आणि मालावरचा हीट नंबर एकच असला पाहिजे. तो जुळला तर शेतातल्या डीपीपासून भट्टीतल्या त्या घाण्यापर्यंतचा माग लागतो. जुळला नाही तर तो दाखला दुसऱ्याच कुठल्या तरी मालाचा आहे.

हे पुस्तक आयटीआय आणि तंत्रनिकेतनातल्या मुलामुलींसाठी, फॅब्रिकेशनच्या धंद्यातल्या कारागिरांसाठी आणि घर, गोठा, गोदाम बांधणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. यातली गणिते शाळेत शिकलेल्या गुणाकार-भागाकाराच्या पुढे फारशी जात नाहीत. शिक्षकांना विनंती आहे की हे वाचून थांबू नका, विद्यार्थ्यांना एकदा रोलिंग मिलमध्ये न्या. बिलेटचे चॅनेल होताना पाहिलेला मुलगा पुढे आयुष्यभर लोखंडाकडे नीट पाहतो. कारागिरांना विनंती आहे की शॉपमध्ये व्हर्नियर आणि वजनकाटा ठेवा आणि गिऱ्हाइकासमोर वापरा, त्याने धंदा वाढेलच. आणि ज्यांच्या डोक्यावर हे लोखंड उभे राहणार आहे त्या वाचकांना सांगणे एवढेच: भाव विचारण्याआधी मीटरला वजन विचारा, हीट नंबर पाहा, आणि दोन्ही पटल्याशिवाय गाडी उतरवून घेऊ नका.